वाड्याच्या पुढच्या दाराने: लग्नाची जागा निवडताना आपण काय निवडतो?

जयसिंगपुरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात गेल्या लग्नसराईत मोठा वाद झाला. मुलगी बँकेत अधिकारी, मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरीला. दोघांनीही मोबाइलवर एक जुना वाडा पसंत केला होता. दगडी कमान, सागवानी खांब, चौकात कारंजे, संध्याकाळी मशाली. भाडे गावातल्या मंगल कार्यालयाच्या कितीतरी पट. मुलीच्या आजोबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "माझा बा असल्या वाड्याच्या मागच्या अंगाला लाकडं फोडायचा. नात नवरी होऊन जाणार असंल तर मी पुढच्या दारानं जाणार." आई हळूच म्हणाली, "जावा की. पण कर्ज कोण फेडणार?"

दोघांचेही बरोबर होते. म्हणूनच हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. शिकलेली, कमावती झालेली आपली पिढी लग्नासाठी ऐतिहासिक वाडा किंवा राजवाडा निवडू लागली असेल, तर त्यामागे स्वाभिमान किती, बाजार किती आणि धम्म किती, हे तपासायला हवे. 'वाड्यात लग्न करायचेच नाही' असा फतवा काढणे हा आमचा हेतू नाही. पण 'पैसा आमचा, हौस आमची' म्हणून विषय संपवणेही आम्हाला पटत नाही.

बाजाराने वाडा का उचलला?

संस्थाने गेली, तनखे बंद झाले आणि मोठमोठ्या वास्तू सांभाळणे मालकांना परवडेनासे झाले. मग राजवाड्यांची हॉटेले झाली. जोधपूरचे उमेद भवन हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून १९२९ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्याच महालात डिसेंबर २०१८ मध्ये प्रियंका चोप्राचे लग्न झाले आणि देशभरातल्या मुलामुलींनी ते फोटो पाहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये श्रीमंतांनी परदेशाऐवजी भारतातच लग्ने करावीत असे आवाहन केले. लग्न हा आता पर्यटनाचा, हॉटेलांचा आणि इव्हेंट कंपन्यांचा मोठा धंदा आहे.

महाराष्ट्रही मागे नाही. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेल्या गढीत आज जाधवगड नावाचे हेरिटेज हॉटेल आहे. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेल्या शालिनी पॅलेसमध्येही पुढे हॉटेल चालले. पुण्याजवळ तर जुन्या पद्धतीचा नवा कोरा ढेपे वाडा उभा राहिला, आणि तिथेही लग्ने लागतात. म्हणजे बाजाराला जुन्या दगडविटांपेक्षा 'वाडा' या शब्दाभोवतीचा रुबाब विकायचा आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले सुमारे २५ किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. शिवरायांशी नाते सांगणाऱ्या महत्त्वाच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या वादात प्रश्न विचारला गेला तो किल्ल्याच्या पावित्र्याचा. पण गढ्या, वाडे आणि राजवाडे कोणाच्या घामावर उभे राहिले, कोणाला त्यांच्या दारात उभे केले गेले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

माहितीपत्रकात नसलेला इतिहास

हेरिटेज हॉटेलच्या माहितीपत्रकात सरदारांची वंशावळ असते, तलवारी असतात, 'शाही थाट' असतो. त्यात वेठबिगार नसते. वेसकर नसतो, तराळ नसतो. वाड्यावर लग्न निघाले की गावोगाव निरोप घेऊन धावणारे, सरपण फोडणारे, मांडवाबाहेर बसून उरलेसुरले घेणारे आपलेच पूर्वज होते. या कामाला मजुरी नव्हती. 'वतन' असे गोंडस नाव होते, आणि १८७४ च्या वतन कायद्याने त्याला इंग्रज सरकारचा शिक्काही मिळाला होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. तरी मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टे आणि मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच रोजचा अपमान होता.

कोल्हापूरकरांना तर याचा एक दाखला तोंडपाठ आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्ण नोकरांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना चाबकाने फोडून काढले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना भांडवल देऊन चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः लवाजम्यासह त्यांच्या दुकानाचा चहा प्यायले. त्या दुकानाचे नाव होते 'सत्यसुधारक'. या गोष्टीत आपण नेहमी महाराजांच्या मोठेपणाकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. खुद्द शाहूंच्या राजवाड्यातही हौदाचे पाणी आपल्या माणसाला बंद होते. राजा समतावादी असून वाड्याची व्यवस्था तशी नव्हती. मग जिथे राजाही समतावादी नव्हता, तिथल्या वाड्यांबद्दल काय बोलावे?

अमेरिकेतला मळा आणि आपला वाडा

हा प्रश्न जगात आपणच पहिल्यांदा विचारत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांच्या श्रमावर उभे राहिलेले मळे आणि त्यांतले पांढऱ्या खांबांचे प्रासाद लग्नासाठी लोकप्रिय आहेत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'कलर ऑफ चेंज' या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली. परिणामी डिसेंबर २०१९ मध्ये पिंटरेस्टने अशा मळ्यांतल्या लग्नांचा प्रसार मर्यादित करण्याचे जाहीर केले आणि लग्नांची माहिती देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही आपली भाषा बदलावी लागली. अभिनेता रायन रेनॉल्ड्स आणि अभिनेत्री ब्लेक लाइव्हली यांचे २०१२ मधले लग्न साउथ कॅरोलायनातल्या बून हॉल मळ्यात झाले होते. तिथे गुलामांच्या विटांच्या खोल्या आजही उभ्या आहेत. २०२० मध्ये रेनॉल्ड्स यांनी या निवडीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

मळा आणि वाडा एकच नव्हेत. गुलामाची खरेदी-विक्री होत असे. आपल्याकडे जातीने माणूस जन्मापासूनच बांधून टाकला होता, त्याला विकत घेण्याची गरजच नव्हती. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. वास्तू सुंदर दिसावी म्हणून तिच्यात राबलेली माणसे चित्रातून पुसली जातात. शिवाय अमेरिकेत खेद व्यक्त करणारे वधूवर राबवणाऱ्यांच्या बाजूचे होते. आपल्याकडे वाड्यात लग्न करू पाहणारे राबणाऱ्यांचे वारस आहेत. त्यामुळे तिथला निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

आजोबांची बाजू: दार आमचेही आहे

बाबासाहेबांचे आणि माता रमाईंचे लग्न भायखळ्याच्या बाजारात झाले. दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री, उघड्या शेडखाली. सुभेदारांच्या मुलाच्या लग्नाला मुंबईत एवढीच जागा मिळाली. हे आठवले की जयसिंगपूरच्या त्या आजोबांचे डोळे का चमकले ते कळते. ज्या दगडी कमानीखालून आपल्याला जाता येत नव्हते, तिथून नातीची वरात वाजतगाजत जाणे हीदेखील एक लढाई जिंकणे आहे.

ही लढाई संपलेली नाही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यातील निजामपूर गावात एका दलित तरुणाला ठाकूरवस्तीतून वरात नेण्यासाठी महिनोन्‌महिने प्रशासनाशी झगडावे लागले. शेवटी मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती निघाली. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा लागला. संविधानाचे कलम १५(२) हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागी जातीवरून मज्जाव करू देत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश किंवा सेवा नाकारणाऱ्याला शिक्षा सांगतो. अनुसूचित जातींतून धम्म स्वीकारलेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. तेव्हा भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाड्याचे दार आपल्याला उघडे असणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

पण हक्क बजावणे वेगळे आणि भारावून जाणे वेगळे. वाड्यात जाऊन आपण तलवार हातात घेतली, पालखी मागवली, चोपदाराला ललकारी द्यायला लावली आणि पत्रिकेवर 'शाही विवाहसोहळा' छापले, तर आपण वाडा जिंकला नाही. वाड्याने आपल्याला जिंकले. ज्या श्रेणीच्या उतरंडीत आपण तळाला होतो, तिच्या माथ्यावर एका दिवसासाठी भाड्याने जाऊन बसणे म्हणजे समता नव्हे.

आईची बाजू: चौथा भाग कुठे गेला?

आता कर्जाच्या प्रश्नाकडे येऊ. तथागतांनी गृहस्थांसाठी जो उपदेश केला, त्यात सिगालोवाद सुत्त महत्त्वाचे आहे. मिळकतीचे चार भाग करावेत असे त्यात सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा संकटासाठी राखून. लग्नाचा खर्च पहिल्या भागातला. पण आज तो उरलेल्या तीन भागांवर हात मारतो. भविष्य निर्वाह निधी काढला जातो, वैयक्तिक कर्ज घेतले जाते, सोने गहाण पडते.

चौथा भाग म्हणजे काय हे शिरोळ तालुक्याला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावे पाण्यात गेली. घरे पडली, जनावरे वाहिली, माणसे छावण्यांत राहिली. ज्याच्याकडे चौथा भाग शिल्लक होता तो लवकर उभा राहिला, आणि ज्याच्याकडे नव्हता तो सावकाराच्या दारात गेला. दोन वर्षांत दोनदा बुडालेल्या तालुक्यात एका संध्याकाळच्या मशालींसाठी पाच वर्षांचे हप्ते डोक्यावर घेणे ही फक्त खासगी हौस राहत नाही. शेजारच्या घरातल्या मुलीच्या बापावरही तिचे ओझे पडते, कारण पुढच्या लग्नाची तुलना याच लग्नाशी होणार असते.

हा विचार इतर समाजही करू लागले आहेत. मे २०२५ मध्ये पुणे परिसरातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंडा आणि थाटाच्या लग्नांवर राज्यभर चर्चा झाली आणि मराठा समाजाच्या बैठकांत लग्नासाठी आचारसंहिता मांडली गेली. कमी माणसे, कमी खर्च, प्री-वेडिंगचे प्रदर्शन नको, असे तिचे स्वरूप होते. आपल्याकडे तर आचारसंहिता फार आधीपासून आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी देशाचे कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी दिल्लीत स्वतःच्या निवासस्थानी, मोजक्या लोकांच्या उपस्थितीत नोंदणी पद्धतीने लग्न केले. जागेचा तुटवडा होता म्हणून नव्हे. भायखळ्याच्या बाजारात इलाज नव्हता, दिल्लीत निवड होती. निवडीचे स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी काय निवडले, हे आपण विसरतो.

मंगल परिणयाला काय लागते?

बौद्ध विवाहाला लागते ते थोडके. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, फुले, मेणबत्त्या, पांढरे वस्त्र, भन्ते किंवा बौद्धाचार्य, त्रिसरण-पंचशील, मंगलगाथा आणि सर्वांत महत्त्वाची ती वधूवरांची प्रतिज्ञा. त्यातली पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्ये सिगालोवाद सुत्तातूनच आली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिला घरात अधिकार देणे या पतीच्या जबाबदाऱ्या त्यात आहेत. इथे कन्यादान नाही, कारण मुलगी दान करायची वस्तू नाही. मुहूर्त नाही, कुंडली नाही, हुंडा तर नाहीच.

वाड्यातल्या 'पॅकेज'ची अडचण इथे सुरू होते. ते पॅकेज दुसऱ्याच विधीसाठी बेतलेले असते. सुरुवातीला सांगितलेल्या त्या घराला आगाऊ रक्कम भरल्यावर कळले की दर्शनी मंचावर 'फोटो' लावता येणार नाहीत, कारण सजावटीचा नमुना ठरलेला आहे. विधीसाठी वीस मिनिटे मिळतील, कारण पुढे 'एंट्री'चे चित्रीकरण आहे. दारातल्या देवतेला नारळ वाढवणेही त्या ठरलेल्या कार्यक्रमात होते. मुलीने शांतपणे विचारले, "मग आमचं लग्न कुठल्या वेळात बसवणार?" उत्तर मिळाले नाही. दोन्ही घरांनी मिळून तो वाडा सोडला.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. या कायद्याखालच्या एका प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की लग्न म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही. म्हणजे त्रिसरण, पंचशील आणि प्रतिज्ञा चित्रीकरणाच्या फटीत उरकणे धम्माच्या दृष्टीने जसे चूक, तसे कायद्याच्या दृष्टीनेही धोक्याचे.

म्हणून ज्यांना वाडाच हवा आहे त्यांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात. प्रतिमा मंचावर मध्यभागी असतील. पूर्ण विधीला लागेल तेवढा वेळ मिळेल. दुसऱ्या धर्माचा कोणताही विधी कार्यक्रमात असणार नाही. बौद्धाचार्य आणि भीमगीतांचे कलाकार आपण आणू. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, तेही लिहून घ्यावे. पावती आणि करार हातात असेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. लग्नानंतर १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे नोंदणी करावी. 'जय भीम' म्हटल्यावर व्यवस्थापकाचा चेहरा बदलला, तर तोही करार करण्याआधीच दिसलेला बरा.

जयसिंगपूर स्वतःच एक उत्तर आहे

या सगळ्या चर्चेत आपण उभे आहोत ती जमीन विसरू नये. जयसिंगपूर हे सरदाराच्या वाड्याभोवती वाढलेले गाव नाही. शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास व्यापारपेठ म्हणून ते वसवले आणि वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्याला दिले. काटकोनात आखलेले रस्ते, आणि नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. राजाने वडिलांच्या स्मरणार्थ महाल बांधला नाही, बाजारपेठ वसवली. त्याच काळात, १९१८ मध्ये, त्यांनी आपल्या संस्थानातली महार वतने रद्द केली. मुंबई राज्याच्या चाळीस वर्षे आधी. आणि इथून जवळच, हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली. तिथे महाराजांनी तरुण बाबासाहेबांना पुढारी म्हणून आपल्या लोकांसमोर उभे केले. आपल्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग घडला तो एका खेड्यात, लोकांमध्ये.

इचलकरंजीला जा. घोरपडे जहागीरदारांच्या राजवाड्यात आज वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय भरते. त्या दगडी जिन्यांवरून यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलेमुली वर्गात जातात. वाड्याच्या पुढच्या दाराने आत जाण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला माहीत नाही. लग्नाचा दिवस एक असतो. पदवीची चार वर्षे असतात आणि त्यांचे भाडे पुढच्या पिढीला भरावे लागत नाही.

आमचे म्हणणे

ज्यांची ऐपत आहे, कर्ज नाही, हुंड्याचा पैसा नाही आणि जे पूर्ण धम्मविधीने लग्न करणार आहेत, त्यांनी वाड्यात लग्न केले म्हणून त्यांना समाजद्रोही ठरवू नये. उलट त्यांनी तिथे पणजोबांचे नाव घ्यावे. या दारात कोण उभे राहत होते ते पाहुण्यांना दोन मिनिटे सांगावे. ते दोन मिनिटांचे भाषण त्या वाड्याच्या इतिहासात बहुधा पहिलेच असेल.

बाकीच्यांनी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, विहार, सांस्कृतिक भवन, शाळेचे पटांगण किंवा गावातले साधे कार्यालय निवडावे आणि त्याबद्दल संकोच बाळगू नये. आपल्या संघटनांनीही नुसते उपदेश करून थांबू नये. आपली सभागृहे पडकी, अंधारी आणि स्वच्छतागृहाविना असतील, तर तरुण वाड्याकडे जाणारच. चांगले सभागृह, नीट ध्वनियंत्रणा, स्वच्छ स्वयंपाकघर आणि माफक भाडे एवढे तालुक्यागणिक उभे करता आले, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

विशाखेची गोष्ट आपल्या अट्ठकथांमध्ये आहे. लग्नात वडिलांनी तिला अनमोल रत्नालंकार दिला होता. पुढे तिने तो विकायला काढला, कोणाला घेणे परवडेना तेव्हा स्वतःच त्याची किंमत मोजली आणि त्या पैशातून श्रावस्तीला भिक्खुसंघासाठी प्रासाद बांधला. लग्नाच्या वैभवातून तिने वाडाच उभारला, पण सर्वांसाठी.

त्या घरातले लग्न अखेर जयसिंगपुरातच, साध्या कार्यालयात झाले. आजोबा पुढच्या दारानेच आत गेले. वाचलेल्या पैशातून धाकट्या भावाची अभियांत्रिकीची फी भरली गेली. मशाली नव्हत्या, पण प्रतिज्ञा पूर्ण झाली, आणि सगळ्यांना ऐकू आली.

जय भीम! नमो बुद्धाय!